चहाच्या आधणातला बुडबुडा

चहाचे आधण गॅसवर ठेवले आहे. पाणी खळखळू लागले आहे आणि तळातून मोठमोठे बुडबुडे वर येऊन फुटत आहेत. वाचक बंधू-भगिनींनी पुढचा मजकूर वाचण्याआधी क्षणभर थांबावे आणि मनाशीच उत्तर द्यावे : त्या बुडबुड्याच्या आत काय आहे? घरात सातवी-आठवीतले किंवा बारावी सायन्सचे मूल असेल तर त्यालाही हाक मारून विचारावे. उत्तर चुकले तरी रागावू नये. का रागावू नये, ते पुढे येईलच.

रायगड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गेली सत्तावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवतो आहे. अकरावीच्या पहिल्या तासाला फळ्यावर काहीही न लिहिता मी हा प्रश्न विचारतो आणि चिठ्ठ्यांवर उत्तरे लिहून घेतो. चिठ्ठीवर नाव घालायचे नाही, म्हणजे मुले मोकळेपणाने लिहितात. 'हवा' लिहिणारे पुष्कळ असतात. काही जण 'ऑक्सिजन' लिहितात. एखादा नुसतेच 'गरमी' लिहितो. आणि दहावीला विज्ञानात उत्तम गुण घेऊन आलेली जी मुले असतात, त्यांच्यापैकी बरीच जण मोठ्या आत्मविश्वासाने लिहितात, 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन'.

बरोबर उत्तर अगदी साधे आहे. बुडबुड्यात पाणीच आहे, फक्त वायुरूपात. म्हणजे वाफ. पाण्याचा एकही रेणू फुटलेला नाही. ते रेणू फक्त एकमेकांपासून दूर गेलेले आहेत.

सुरुवातीच्या काळात मी असले प्रश्न विचारत नसे. शिकवायचे, लिहून द्यायचे, सराव परीक्षा घ्यायची, असा माझा खाक्या होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी उर्दू माध्यमातून आलेली एक मुलगी तासाला उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पाणी उकळलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो ना? हायड्रोजन तर पेटतो, आणि ऑक्सिजन जळायला मदत करतो. मग आमच्या चुलीवर भडका का उडत नाही?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, आणि वर म्हणालो, "असले प्रश्न परीक्षेला येत नाहीत. खाली बस." ती बसली. त्यानंतर वर्षभर तिने तोंड उघडले नाही आणि पुढच्या वर्षी ती कला शाखेत गेली. माझ्यामुळेच गेली, असे मी म्हणणार नाही. घरची कारणेही असतील. पण त्या वर्गात शास्त्रज्ञासारखा विचार करणारी ती एकटीच होती, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. तिची समजूत चुकीची होती, पण तिचा तर्क पक्का होता. 'हे खरे असेल तर ते घडायला हवे, आणि ते तर घडत नाही' असे ती म्हणत होती. बाकीचा वर्ग तीच चुकीची समजूत डोक्यात घेऊन गप्प बसला होता. पुढे त्यातले कित्येक पहिल्या श्रेणीत पास झाले.

ही गोष्ट आपल्याकडेच घडते असे नाही. न्यूझीलंडमधल्या रॉजर ऑस्बर्न आणि मार्क कॉस्ग्रोव्ह या दोन संशोधकांनी ८ ते १७ वर्षांच्या मुलांसमोर किटलीत पाणी उकळले, थंड भांड्यावर पाणी जमवले, बर्फ वितळवला आणि प्रत्येक वेळी विचारले, 'काय होतंय?' त्यांचा लेख १९८३ साली छापून आला. बुडबुड्यांबद्दल त्यांना मिळालेली उत्तरे माझ्या चिठ्ठ्यांवरच्या उत्तरांशी जवळजवळ जुळतात : उष्णता, हवा, ऑक्सिजन-हायड्रोजन, वाफ. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले जॉर्ज बोडनर यांनी तर रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांनाच हा प्रश्न घातला. पाणी तासभर उकळत असल्याचेही प्रश्नात सांगितले होते, म्हणजे पाण्यात आधी विरघळलेली हवा केव्हाच निघून गेलेली. बहुसंख्यांनी बरोबर उत्तर दिले, तरीही बऱ्याच जणांनी हवा किंवा ऑक्सिजन म्हटले आणि काहींनी हायड्रोजन-ऑक्सिजनही लिहिले. हा लेख १९९१ चा. रसायनशास्त्राच्या पदवीधरांची ही कथा, तर आपल्या सोळा वर्षांच्या लेकराला काय बोल लावायचा?

यात विशेष ध्यानात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' हे उत्तर पाच वर्षांच्या मुलाला सुचूच शकत नाही. ते सुचायला आधी शाळेत जावे लागते, 'एच-टू-ओ' पाठ करावे लागते. म्हणजे ही चूक आम्ही शिक्षकांनीच शिकवलेली आहे. आम्ही सांगतो की पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून बनते. मुलाच्या मनात चित्र उभे राहते ते मिसळीचे : दोन वायू पाण्यात कुठेतरी दाटीवाटीने बसले आहेत आणि तापले की बाहेर पडतात. प्रत्यक्षात पाणी हे मिश्रण नसून संयुग आहे. त्यात पेटणारा हायड्रोजनही उरलेला नाही आणि जाळणारा ऑक्सिजनही नाही. म्हणूनच ते आग विझवू शकते. रेणूंना एकमेकांपासून सोडवायला आपल्या गॅसची शेगडी पुरते. पण खुद्द रेणू फोडायचा, तर नुसत्या उष्णतेच्या जोरावर दोन हजार अंशांच्याही वर जावे लागते आणि तिथेसुद्धा थोडेच रेणू फुटतात. त्या मुलीला माझे उत्तर एवढेच असायला हवे होते.

आणि एवढेसे हे समजायला माणसाला किती काळ लागला! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातले भले भले विद्वान पाण्याला मूलद्रव्य समजत होते. पाणी उकळत ठेवले की त्याची माती होते, अशीही एक समजूत होती, कारण भांड्याच्या तळाशी खरोखरच गाळ साठलेला दिसे. लाव्हाझिएने बंद काचपात्रात १०१ दिवस पाणी तापवले, आधी आणि नंतर वजने केली आणि दाखवून दिले की तो गाळ पाण्याचा नसून काचेतून सुटलेला आहे. हेन्री कॅव्हेंडिशने हायड्रोजन जाळून पाणी मिळवले, आणि १७८३ साली लाव्हाझिएने पाणी हे संयुग असल्याचे जाहीर केले. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल यांनी विजेच्या साहाय्याने त्याचे दोन वायू वेगळे केले. तरीही अणुसिद्धान्ताचा जनक डाल्टन पाण्याच्या रेणूत एकच हायड्रोजन धरून चालला होता. त्या सूत्राचा घोळ निस्तरायला १८६० साल उजाडले. जे निस्तरायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला, ते आम्ही पस्तीस मिनिटांच्या तासात उरकतो आणि वर विचारतो, 'समजलं ना सगळ्यांना?'

घरचे शब्द, पुस्तकातले शब्द

मुलांच्या गैरसमजांचा दुसरा मोठा उगम भाषेत आहे, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या घरांत एकाच वेळी दोन-तीन भाषा नांदतात.

आपण सहज म्हणतो, 'बर्फ विरघळला.' साखरही विरघळते. विज्ञानात मात्र बर्फ वितळतो आणि साखर विरघळते. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वितळताना एकच पदार्थ आपली अवस्था बदलतो. विरघळताना एक पदार्थ दुसऱ्यात मिसळतो. घरात दोन्हींना एकच शब्द ऐकलेले मूल परीक्षेत 'साखर वितळली' असे लिहिते आणि त्याचा गुण जातो. गुण गेल्याचे मला फारसे वाटत नाही. पण त्याला खरोखरच असे वाटत असते की साखरेचे पाणी झाले. मग पाणी आटवले की साखर परत कशी मिळते, हे कोडे त्याला कधीच सुटत नाही. घरात पिघलना आणि घुलना हे दोन वेगळे शब्द वापरणाऱ्या मुलांना खरे तर ही गोष्ट लवकर कळायला हवी. पण वर्गात त्यांना त्यांचे शब्द वापरू देतो कोण?

'जड पाणी' या शब्दाची तर गंमतच आहे. आमच्या भागात बोअरिंगच्या पाण्याला जड पाणी म्हणतात. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. पुस्तकात त्याचे नाव दुष्फेन पाणी, आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. आता आमच्याच जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे अणुभट्ट्यांसाठी जड पाणी तयार करण्याचा सरकारी कारखाना आहे. ते जड पाणी वेगळेच. त्यातल्या हायड्रोजनच्या अणूंचे वजन साध्या हायड्रोजनच्या दुप्पट असते, आणि ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे दहा-अकरा टक्के जड असते. एका मुलाने मला अगदी गंभीरपणे विचारले होते, "सर, आमच्या बोअरिंगचं पाणी थळच्या कारखान्यात विकत घेतील का?" या वेळी मी हसलो नाही. तोवर थोडे शहाणपण आले होते.

'शुद्ध' हा शब्द सगळ्यात अवघड. आपल्या मुलांच्या मनात पाण्याच्या शुद्धतेचे तीन अर्थ असतात आणि त्यांची सरमिसळ होते. पहिला अर्थ 'पाक'. समुद्राचे पाणी पाक आहे, त्याने वजू होतो. दुसरा अर्थ पिण्याजोगे. समुद्राचे पाणी या अर्थाने शुद्ध नाही आणि विहिरीचे असू शकते. तिसरा अर्थ रसायनशास्त्रातला, म्हणजे ज्यात पाण्याच्या रेणूंशिवाय दुसरे काहीही नाही असे पाणी. या अर्थाने विहिरीचे गोड पाणीही शुद्ध नाही आणि दुकानातल्या बाटलीतलेही नाही, कारण दोन्हींत क्षार विरघळलेले असतात. ते असतात म्हणून तर पाण्याला चव असते. हे तिन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर आहेत. 'शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही' असे आम्ही शिकवतो, तेव्हा तिसरा अर्थ अभिप्रेत असतो. मुलाने तिथे दुसरा अर्थ धरला आणि घरी ओल्या हाताने बटण दाबले, तर ते जिवावर बेतू शकते. वर्गात हा फरक सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे मी कधीच वाचवत नाही.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. दहावीपर्यंत ती अणूला जौहर आणि रेणूला सालिमा म्हणत असतात. अकरावीला एकदम ॲटम आणि मॉलिक्यूल समोर येतात, आणि शेजारचा मराठी माध्यमाचा मित्र अणू-रेणू म्हणत असतो. मूल समजुतीत कच्चे नसते, ते शब्दांत हरवलेले असते. मी आता पहिल्या आठवड्यात फळ्यावर तीन रकाने करून तिन्ही भाषांतले शब्द मुलांकडूनच भरून घेतो. उर्दूचा रकाना भरायला जी मुले उठतात, त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. एरवी ती शेवटच्या बाकावर असतात.

शरबताच्या ग्लासाला आलेला घाम

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर बर्फ घातलेल्या रूह अफ़ज़ाचा ग्लास ठेवला की थोड्या वेळात त्याच्या बाहेरच्या बाजूवर पाण्याचे थेंब जमतात. आपण म्हणतो, ग्लासाला घाम आला. हे पाणी कुठून आले, असे विचारले तर कितीतरी मुले म्हणतात, आतून झिरपले. यात त्यांची चूक तरी काय? घरातल्या माठाचे पाणी खरोखरच झिरपते, म्हणून तर माठ बाहेरून ओला असतो आणि पाणी गार होते. मुलाने माठावरून ग्लासाचा अंदाज बांधला. काही मोठी मुले म्हणतात की हवेतला हायड्रोजन आणि ऑक्सिजन थंडीने एकत्र येऊन पाणी झाले. ऑस्बर्न आणि कॉस्ग्रोव्ह यांनाही असे उत्तर मिळाले होते.

इथे व्याख्यान देऊ नये. मुलाला ग्लासावरचा थेंब बोटावर घेऊन पाहायला सांगावे. शरबत लाल आहे, थेंबाला रंग नाही. शरबत गोड आहे, थेंब गोड नाही. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर बर्फ घातलेला ग्लास वरून झाकून त्यावर ठेवावा. पावसाळी दिवसांत दहा-पंधरा मिनिटांत वजन वाढलेले दिसते. आतले पाणी बाहेर आले असते, तर एकूण वजन वाढले नसते. म्हणजे पाणी हवेतूनच आले, आणि हवेत ते आधीपासून वाफेच्या रूपात होते. मग विहीर 'आटली' म्हणजे ते पाणी नाहीसे झाले नाही, त्यातले काही असेच हवेत गेले, हा पुढचा धडा बहुतेक मुले स्वतःच काढतात.

'वाफ दिसते' हीसुद्धा अशीच एक पक्की समजूत आहे. किटलीच्या तोटीतून जो पांढरा लोट निघतो ती वाफ नव्हे, ते थंड होऊन जमलेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब आहेत. दुरून नीट पाहिले तर तोटीच्या तोंडाशी थोडी जागा अगदी रिकामी वाटते. खरी वाफ तिथे आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही. मुलांना हे दाखवताना मोठ्या माणसाने जवळ उभे राहावे आणि कोणालाही हात पुढे नेऊ देऊ नये. वाफेने भाजते ते उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट.

मुलांना चित्र काढायला सांगितले की आणखी काही गोष्टी उघड होतात. पाणी, बर्फ आणि वाफ यांचे रेणू काढा म्हटले की बरेच जण बर्फाचे रेणू चौकोनी काढतात आणि वाफेचे फुग्यासारखे फुगलेले. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये बारावीच्या मुलांशी बोलून ग्रिफिथ्स आणि प्रेस्टन यांनी १९९२ साली जो लेख लिहिला, त्यातही असेच आढळते : अवस्था बदलली की रेणूचा आकार आणि वजनही बदलते, असे मुलांना वाटते. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली बाटली फुटते, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. मुलाला वाटते रेणू फुगले. रेणू तेवढेच राहतात, फक्त एका ठरावीक मांडणीत उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी पडते. वाफ होताना एक लिटर पाण्याची सोळा-सतराशे लिटर वाफ होते, तेव्हाही रेणू तेवढेच. दोन रेणूंमधले अंतर साधारण बारा पट होते, इतकेच. आणि त्या अंतरात काय असते? हा प्रश्न एकदा वर्गात विचारून पाहावा. 'हवा' म्हणणारे असतातच, शिवाय 'पाणी' म्हणणारेही असतात. पुस्तकातल्या चित्रांत निळ्या पाण्यात रेणूंचे गोळे तरंगताना दाखवलेले असतात, ती पाहून मुलाने दुसरे काय म्हणावे? तिथे काहीही नसते.

ग्लासगो विद्यापीठातले अ‍ॅलेक्स जॉन्स्टन सांगत असत की रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते : डोळ्यांना दिसणारे, रेणूंच्या जगातले आणि चिन्हांतले. जाणता शिक्षक या तिन्हींमध्ये नकळत उड्या मारतो आणि नवशिके मूल पहिल्याच उडीला मागे राहते. मी पूर्वी नेमके हेच करत होतो. आता सूत्र सर्वांत शेवटी लिहितो. आधी भांडे, मग मुलांनी काढलेले चित्र, मग चिन्ह. प्रयोगाच्या आधी प्रत्येकाने काय होईल ते लिहायचे, मग पाहायचे, मग दोन्हींतला फरक का पडला ते सांगायचे. ऑस्ट्रेलियातल्या व्हाइट आणि गन्स्टन यांनी ही पद्धत सांगितली आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो, हे खरे. अभ्यासक्रम मागे पडतो, मग जानेवारीत जादा तास घ्यावे लागतात. पालकही विचारतात, 'सर, पोर्शन कधी संपणार?' त्यांचेही बरोबर आहे. पुढे सगळी निवड गुणांवरच होते.

दोन वर्षांपूर्वी एका वलीम्याला गेलो होतो. मांडवामागे डेगी चढल्या होत्या आणि एका डेगीत भाताचे पाणी उकळत होते. तिथे एका बाईंनी सलाम केला. ओळखायला वेळ लागला. तीच मुलगी. आता तिचा मुलगा आठवीत आहे. मी आपण होऊन तो जुना विषय काढला, माफी मागितली आणि डेगीकडे हात करून उत्तर दिले : रेणू फुटत नाहीत, म्हणून भडका उडत नाही. बुडबुड्यात पाणीच असते.

ती थोडा वेळ डेगीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, मग पाणी उकळायच्या आधी, नुसतं कोमट असताना भांड्याच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे चिकटतात, त्यातही वाफच का?"

"नाही," मी म्हणालो. "ती हवा. पाण्यात विरघळलेली असते. पाणी तापलं की तितकी हवा त्यात मावत नाही, म्हणून बाहेर पडते."

"म्हणजे 'हवा' लिहिणारेही अगदीच चुकत नव्हते," ती म्हणाली आणि मुलाला हाक मारायला गेली.